ओट्याचं माप

३ तारीख, सोमवार

ही वही यांनी दिली. कुठला कारागीर किती वाजता आला आणि किती वाजता पळाला तेवढं लिहून ठेव म्हणाले, म्हणजे मागाहून भांडायला बरं. बाकी पाल्हाळ नको.

गवंडी आला नाही. नळवाला आला नाही. सुतार आला. त्याने दाराकडे बघितलं, दाराने त्याच्याकडे बघितलं, आणि गेला.

झालं लिहून.

४ तारीख, मंगळवार

गवंडी दहाला उगवला. आठ म्हणाला होता. म्हटलं, "मिस्त्री, तुमच्या घड्याळातले दोन तास कुणी खाल्ले?" तर म्हणतो, "आलो ना, ताई?" साठीचा माणूस आहे. एका कानाने कमी ऐकतो आणि माझं बोलणं नेमकं त्याच कानात जातं.

जुना ओटा फोडला. आधीच्या लोकांनी तो खिडकीखाली वीतभर बांधला होता, एक पातेलं ठेवलं की दुसऱ्याने बाहेर उभं राहायचं. आता स्वयंपाकघरात नुसता राडा. शेगडी मागच्या खोलीत जमिनीवर मांडली आहे. खाली बसले की गुडघे बोलतात, उठले की ओरडतात.

राहायला येऊन आज नऊ दिवस. पाल्हाळ नको म्हणाले होते, पण ते सात वाजता कारखान्यात जातात ते संध्याकाळी सातला येतात, तोवर वहीशी नाही बोलायचं तर कुणाशी? शाळा चौथीपर्यंत, त्यातली निम्मी बुडवलेली. चुका असतील तर असोत.

बावीस वर्षं एका स्वयंपाकघरात जावेबरोबर काढली. माझ्या मोठ्या दिरांची बायको. मुलं तिला मोठी म्हणायची आणि मला धाकटी, मग सगळं घरच म्हणायला लागलं. मी काही करायला घेतलं की हिचं नाक मध्ये. मीठ जास्त, आच मोठी, कांदा जाड. मी रोज मनात म्हणायचे, मला माझा एक ओटा असू दे, मग बघा. आता होतोय. कुणी मध्ये बोलायला नाही. हायसं वाटतं.

६ तारीख, गुरुवार

गवंडी साडेनऊला.

ओटा किती लांब, विचारलं. मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दाखवला.

"घरात माणसं किती?"

"दोन. मुलगा बाहेरगावी शिकतोय."

"मग हे मैदान कशाला? रांधणाऱ्या किती जणी?"

"एक."

त्याने कान पुढे केला. मी ओरडले, "एक!" रिकाम्या खोलीत तो आवाज चारी भिंतींना आपटून माझ्याकडेच आला.

शेगडी डावीकडे, नळ उजवीकडे, मध्ये चिरायला जागा, असं सांगितलं. तो म्हणाला, शेगडी खिडकीखाली घ्या, वाफ बाहेर जाईल. म्हटलं नाही, डावीकडेच. का म्हणून विचारलं. का म्हणजे? शेगडी डावीकडे असते. मोठी शेगडीपाशी, मी नळापाशी, हे इतक्या वर्षांचं बसलेलं. आता मोठी नाही, पण शेगडीने का जागा सोडावी?

मग उंची. त्याची पद्धत अशी की ताठ उभं राहायचं, कोपर वाकवायचं आणि कोपराच्या खाली सहा बोटं ओटा. खाली सिमेंटचा ओला माल पडला होता म्हणून मी पाट टाकला आणि त्यावर उभी राहिले. जुन्या घरातला पाट आहे तो. तिथला ओटा मोठीच्या मापाने बांधलेला, कारण ती माझ्या आधी लग्न होऊन आली आणि ती ताडासारखी. तिला ओटा कमरेला लागायचा, मला बरगडीला. म्हणून मी आपली जन्मभर पाटावर उभी राहून चिरत आले. निघताना तो इकडे का आणला ठाऊक नाही. लाकूड चांगलं आहे.

गवंड्याने भिंतीवर पेन्सिलीची खूण केली, टेप लावली, आकडा तळहातावर लिहिला आणि दहा मिनिटांत त्याच हाताने चहा सांडला.

८ तारीख, शनिवार

कुणी आलं नाही.

आज दिवसभरात तोंडातून किती शब्द गेले ते मोजले. भाजीवाल्याला पाच, कुंपणावरच्या मांजराला दोन. भाजीवाल्याकडे दोन किलो बटाटे मागितले. पिशवी उचलताना लक्षात आलं की खाणारे दोन. परत कसे करणार? आता आठवडाभर बटाटा.

समोरच्या गॅलरीत एक बाई येते. आज तिने हात हलवला. मीही हलवला, चांगला खांद्यापासून. मग दिसलं की ती फडकं झटकत होती. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी आत येऊन उगाच कपाट आवरलं.

९ तारीख, रविवार

हे घरी होते. दुपारी कुणाचा तरी फोन आला, तर बाहेर जाऊन कुंपणाशी अर्धा तास बोलले. आत आले ते शीळ घालत. कोण म्हणून विचारलं. "काम होतं," म्हणाले. कामाच्या फोनवर शीळ घालणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. कारखान्यात काही चांगलं झालं असेल.

मुलाचाही फोन आला. पहिलाच प्रश्न, "मोठी कशी आहे?"

म्हटलं, "आई कशी आहे ते विचार आधी."

"तू ठणठणीत असणार. तुला काय होतंय?"

लहानपणी याचा घास भरवायला मोठी, पाटी बघायला मोठी, कारण ती सातवी शिकलेली. रट्टा द्यायला तेवढी मी.

१३ तारीख, गुरुवार

गवंडी आठ वाजता आला! मी अजून दात घासत होते. याच्यावर विश्वास ठेवायचा म्हटलं तरी ठेवता येत नाही.

विटांचं काम संपत आलं. जेवायला बसला तेव्हा भात वाढला. भात पुन्हा सहा माणसांचा झाला होता. म्हणाला, "ताई, पाहुणे येणारेत का?" म्हटलं, जेवा गप.

मग मला म्हणाला, तुमच्या घरचं कुणी घर बघायला कसं येत नाही? मी कारागिराला घरातलं सांगत नाही. वहीला सांगते.

भांडण भावाभावांचं. मोठ्या दिरांनी जुनं घर विकायचं ठरवलं आणि घेणाऱ्याला शब्द देऊन आले, यांना न विचारता. हे भडकले. महिनाभर दोघं एका घरात तोंडं फिरवून फिरत होते आणि आम्ही दोघी मध्ये ताटं ने-आण करत होतो. शेवटी विकलं ते विकलंच. सामान टेम्पोत चढलं तेव्हा हे म्हणाले, "आजपासून त्या घराशी संबंध संपला. फोन करायचा नाही, उचलायचा नाही." हे एकदा बोलले की बोलले.

मोठी दारात उभी होती. मला वाटतं ती काहीतरी बोलणार होती, तिने हात जरा वर केला होता. हे माझ्याकडे बघत होते. मी तोंड फिरवलं आणि टेम्पोत बसले.

आता नवऱ्याच्या बाजूने नाही उभं राहायचं तर कुणाच्या? मी काही चुकीचं केलं नाही. हे तीनदा वाचलं. बरोबरच आहे.

१७ तारीख, सोमवार

ग्रॅनाइट बसला. काळा, चकचकीत, तोंड दिसतं. उद्या फरशीवाला. गवंडी ग्रॅनाइटवरून हात फिरवून म्हणाला, "राणीचा ओटा झाला, ताई." मी म्हटलं, राणी दिसते का कुठे?

त्याला दाखवायला म्हणून हाक मारायला तोंड उघडलं होतं. कुणाला, ते कळायच्या आत मिटलं.

२२ तारीख, शनिवार

आज पहिला स्वयंपाक माझ्या ओट्यावर.

सवयीने पाट टाकला, वर चढले, कांदा चिरला, फोडणीत टाकला. माप असं बरोबर की काय सांगू. खांदा नाही, मान नाही, काही दुखलं नाही. मनात म्हटलं, मिस्त्री बहिरा असेल पण हात सोन्याचा.

मग डोक्यात आलं, माझा ओटा आहे, आता पाट कशाला? पायाने ढकलून दिला. खाली उतरले तर ओटा बरगडीला! कोपरं वर, खांदे कानाला. पाटावर चढले, बरोबर. उतरले, बरगडी. चार वेळा चढ-उतार केली, शेवटी कांदा करपला.

गवंड्याला फोन करून अशी सुनावली की त्याच्या बऱ्या कानानेही राजीनामा दिला असेल. तासाभरात आला. शांतपणे टेप लावली, तळहात बघितला जसा काही आकडा अजून तिथेच आहे, आणि म्हणाला, "ताई, माप दिलंत तेव्हा कशावर उभ्या होतात?"

मी ढकललेल्या पाटाकडे बघितलं.

"मला वाटलं, पाय भिजतील म्हणून पाट घेतलात आणि त्याची उंची तुम्ही धरली असेल."

"तुम्ही विचारायचं ना!"

"तुम्हाला?" एवढंच म्हणाला.

विटांचा एक थर काढायचा तर आधी ग्रॅनाइट उचलावा लागेल. तीन दिवसांचं काम, सोमवारपासून येतो म्हणाला. मी म्हटलं राहू दे. दगड फुटायचा. पाट आहेच. बावीस वर्षं चाललं, अजून चालेल.

जाताना दारात थांबून विचारतो, "तुमच्यात उंच कोण आहे?"

"कुणी नाही," म्हटलं. "जा आता."

२७ तारीख, गुरुवार

कारागीर संपले. नळ गळत नाही, दारं लागतात, दिवे लागतात. यांनी घरभर फिरून सगळी बटणं दाबून बघितली आणि म्हणाले, झालं की घर.

आता वहीत कुणाचं आलं-गेलं लिहायचं? आज कुणीच येणार नव्हतं आणि कुणीच आलं नाही.

वाणसामानाच्या पुडक्यावर बारीक अक्षरात काही लिहिलं होतं. मला ते लागत नाही. पुडकं हातात धरून तशीच उभी राहिले, "हे काय लिहिलंय बघ गं" म्हणून. मग बरणीत ओतलं. जे असेल ते असेल.

३० तारीख, रविवार

आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सकाळी हे चहा पिताना म्हणाले, "मागच्या भिंतीला ओल येतेय का बघ. दादा म्हणत होता, आत्ताच बघून ठेवा."

"कोण दादा?"

"कोण म्हणजे? दादा."

"तुमचा दादा?"

"मग काय शेजाऱ्याचा?"

मी किटली खाली ठेवली. "तुम्ही त्यांच्याशी बोलता?"

"अगं, तीन आठवडे झाले. घराच्या कागदावर माझी एक सही राहिली होती. त्याने फोन केला. बोलता बोलता झालं मोकळं. किती दिवस धरून बसायचं? शेवटी भाऊ आहे."

"आणि मला नाही सांगितलं?"

"तू कुठे विचारलंस?"

कपात अजून चहा होता. तो मी सिंकमध्ये ओतला, त्यांच्या पुढ्यातून उचलून. ते म्हणाले, "अगं, अगं!" मी म्हटलं, "संबंध संपला म्हणाला होतात ना? मी तुमचं भांडण इथे पोटाशी धरून बसलेय. एकटी. भिंतीशी बोलतेय. आणि तुम्ही तिकडे शीळ घालताय!"

"एवढं काय चिडायचं? कर की तिला फोन. कुणी धरलंय?"

कुणी धरलंय म्हणे.

३१ तारीख, सोमवार

फोन केला. सकाळी सात वाजल्यापासून करायचा होता, अकराला केला.

"कोण?"

माझा नंबर तिच्याकडे आहे. "मी."

"मी कोण?"

"किती मी आहेत गं तुला?"

मागे तिच्याकडे काहीतरी उकळत होतं. मी म्हटलं, मला कालच कळलं यांचं मिटल्याचं.

"मला तीन आठवड्यांपूर्वी कळलं," ती म्हणाली.

"मग तू का नाही केलास फोन?"

"तोंड तू फिरवलं होतंस."

"बरं, फिरवलं. आता काय करू, मान मोडून घेऊ?"

हे बोलायचं नव्हतं. जीभ माझ्या आधी धावते. मी म्हटलं, घर लागलंय, बघायला ये. ती म्हणाली, "बघू." आणि म्हणाली, दूध वर आलंय. आणि ठेवला.

दूध वर आलं तर मोठी फोन कानाला धरून दुसऱ्या हाताने उतरवते. मला माहीत आहे.

६ तारीख, रविवार

आले. दोघंही. यांनी आणि दादांनी मिळून ठरवलं, आम्हाला सकाळी सांगितलं.

भाऊ भाऊ जणू काही झालंच नाही असे मिठीत. मग दोघं मागची ओल बघायला गेले. आणि मोठी बसली बाहेरच्या खोलीत, खुर्चीच्या कडेला, पर्स मांडीवर. "छान झालंय घर." "हो." "उजेड चांगला आहे." "हो, आहे." "फरशी छान आहे." बँकेत शेजारी बसलेल्या बायका याहून जास्त बोलतात. थोडी वाळल्यासारखी वाटली. की मीच विसरले होते.

आत येऊन चहा ठेवला. डबे जरा जास्तच आपटले. ती उठेल असं वाटत होतं. नाही उठली. तिथूनच म्हणाली, "मदत करू का?" मदत! पाहुणी कशी विचारते तसं.

मग मीही आतून ओरडले, "साखर किती?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पर्स पडल्याचा आला. आणि मोठी दारात.

"बावीस वर्षं माझा चहा केलास. आणि साखर किती विचारतेस मला?"

"पाहुण्यांना विचारावं लागतं!"

"पाहुणी कुणी केली? मी केली? तू टेम्पोत बसलीस राजकन्येसारखी!"

"हे बघत होते माझ्याकडे."

"माझे नव्हते बघत? तरी उभी राहिले ना मी दारात? हात वर केला ना? सगळ्या गल्लीसमोर तसाच खाली घेतला मी तो हात."

चहा उतू गेला. कुणीच हलेना.

मी म्हटलं, "चुकलं."

ती म्हणाली, "काय?"

"एकदाच म्हणणार होते. म्हटलं."

तिने डोळे पुसले, फडकं घेतलं, माझ्या नव्या ग्रॅनाइटवरचा चहा पुसला, डावीकडे शेगडीपाशी उभी राहिली आणि आच बारीक केली. अर्थातच. मग थांबली. ओट्यावर दोन्ही हात ठेवले. कोपरं वाकवली. खाली बघितलं, माझ्याकडे बघितलं, खालचा पाट बघितला.

"धाकटे," म्हणाली, "हा ओटा कुणासाठी बांधलास?"

"गवंड्याची चूक आहे."

"खोटं बोलतेस."

"अर्धी त्याची."

ती हसली नाही. म्हणाली, तिच्या नव्या घरात तिने शेगडी मुद्दाम उजवीकडे घेतली. सगळंच उलटं केलं, आठवण नको म्हणून. तरी रोज सकाळी काडीपेटी घेऊन डावीकडे जाते आणि सिंकपुढे उभी राहते.

मी म्हटलं, राहा आठ दिवस. ती म्हणाली, नाही जमत, दादांची पथ्यं आहेत. मी म्हटलं, मग चार. मग म्हटलं, दोन. ती माझ्या दंडाला धरून म्हणाली, "मी येईन तेव्हा येईन गं. वर्षातून दोनदा, तीनदा. उरलेले दिवस काय माझ्या उंचीला लटकत काढणार आहेस? कमी करून घे हा ओटा."

"दगड फुटेल."

"फुटू दे."

सहाच्या गाडीने गेले. ती खिडकीशी बसली होती. मी हात वर केला आणि गाडी वळेपर्यंत खाली घेतला नाही. हे म्हणाले, दुखेल हात. दुखू दे म्हटलं.

भात उरला. आज मात्र चार माणसांचाच केला होता.

९ तारीख, बुधवार

गवंडी साडेआठला.

ग्रॅनाइट उचलला, नाही फुटला. नव्याने माप घ्यायला मला उभं केलं. "पाय दाखवा," म्हणाला. दाखवले. अनवाणी, फरशीवर. त्याने भिंतीवर खूण केली. मला ती फारच खाली वाटली. म्हटलं, "एवढीच का मी?"

"एवढ्याच आहात, ताई."

तेवढ्यात फोन वाजला. माझे हात सिमेंटने भरलेले, विटा उचलून देत होते. गवंड्याला म्हटलं, उचला, आणि माझ्या कानाला धरा. त्याने आधी स्वतःच्या कानाला धरला, तोही भलत्या कानाला, आणि "काय? काय?" करत बसला. मग माझ्या कानाला लावला.

मोठी होती. "किती ठेवतेयस उंची?"

मी गवंड्याला विचारून आकडा सांगितला.

"अगं बाई, एवढा खाली? मी आले की मला वाकावं लागेल."

मी म्हटलं, "वाक."

गवंडी सहाला गेला.